कट की बंद?

कोजागरीच्या रात्री पत्ते वाटण्याआधी दौंडच्या मामांनी विचारलं, "कट की बंद?" आणि माई त्यांच्याकडे बघतच राहिली. शिरूरच्या त्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

"म्हणजे? मेंढीकोट खेळायचाय ना?"

"तेच विचारतोय. हुकूम कट करायचा की बंद ठेवायचा?"

"बंद. नेहमीसारखा."

"तुमच्या नेहमीसारखा," मामा म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वही काढली.

माई म्हणजे माझी थोरली काकू. शिरूरला अजूनही घोडनदी म्हणणाऱ्या पिढीतली. वय 81. कोजागरीला गच्चीवर सतरंजी पडली की दुधाच्या पातेल्याआधी तिचा पत्त्यांचा डबा वर येतो. कोजागरीला जागायचं आणि जागताना खेळायचं, हे व्रतातच सांगितलेलं आहे. जुन्या ग्रंथांत फासे आहेत, आमच्या घरात मेंढीकोट. डब्यातल्या कॅटमधली चौकटची तिर्री कधीच हरवली आहे, तिच्या जागी एक जोकर आहे आणि त्याच्या कपाळावर बॉलपेननं '3' लिहिलेलं आहे. पानांच्या कडा इतक्या मऊ झाल्या आहेत की पिसताना आवाजच होत नाही.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. पुण्यात रेल्वेच्या कार्यालयात नोकरी आणि तीस वर्षं रोज दौंड ते पुणे ये-जा. आई जाऊन सहा वर्षं झाली, पण कोजागरीला मामा न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला येतात ते येतातच. यंदा माझी चौदा वर्षांची लेकही आली होती. तिनं खाली स्वयंपाकघरात जाहीर केलं की तिला मेंढीकोट शिकायचा आहे, आणि नीट शिकायचा आहे. त्या 'नीट' शब्दावरून पुढचे तीन तास माई आणि मामा एकमेकांशी वाद घालत होते. त्यातलं जेवढं मला आठवतंय तेवढं इथे मांडते.

माई म्हणाली, "ये, माझ्या मागे बस. माझी पानं दिसतील अशी बस. बोलायचं नाही. तासाभरानं खेळायला घेते."

"आणि नियम?" मामांनी विचारलं.

"दिसतील की."

"दिसतील? माई, दिसतो तो खेळ. नियम सांगावे लागतात." मामा लेकीकडे वळले. "ऐक. चौघे, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकी 13 पानं. एक्का सगळ्यांत मोठा, दुर्री सगळ्यांत लहान. ज्या रंगाची उतारी, तो रंग हातात असेल तर तोच टाकायचा. ज्याचं पान मोठं त्याचा हात. इथवर कुठल्याही घरात जा, सारखंच. आता आपलं वेगळं काय? आपण मोजतो दश्श्या. दश्शी म्हणजे मेंढी. कॅटमध्ये चार मेंढ्या. तीन ज्यांच्याकडे गेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले. चारही एकाच बाजूला गेल्या की कोट. आणि तेराच्या तेरा हात एकाच बाजूचे झाले तर बावन्न पानी."

"आणि हरेल त्यानं पिसायचं," माईनं जोडलं.

"आणि हरेल त्यानं पिसायचं. बरोबर. आता हुकूम. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा खेळाडू आपलं एक पान निवडून पालथं ठेवतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो म्हणतो, उघडा. मग ते पान उलटतं आणि त्याचा रंग हुकूम. कटमध्ये आधी काहीच ठरलेलं नसतं. खेळता खेळता उतारीचा रंग ज्याच्याकडे सगळ्यांत आधी संपेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम."

लेक वहीत डोकावून बघत होती. मामांनी पान क्रमांक घालून सगळं लिहिलेलं होतं, निळ्या शाईत नियम आणि लाल शाईत अपवाद.

माई म्हणाली, "मामा, हे सगळं तिला पहिल्या दोन डावांत कळलं असतं."

"दोन डावांत कळलं असतं, पण त्याआधी दोनदा चुकली असती आणि दोनदा तुम्ही सगळे तिच्या अंगावर ओरडला असता."

"चुकल्याशिवाय कोण शिकतं?"

"गाडीत चुकायची सोय नसते, माई."

मग त्यांनी ती गाडी सांगितली, आणि मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला नियमांची एवढी ओढ का आहे. दौंड हे जंक्शन. मनमाडचा रूळ, बारामतीचा रूळ, सोलापूरचा रूळ, सगळे तिथे येऊन मिळतात. सकाळच्या गाडीत समोरासमोरच्या बाकांवर चौघे बसतात, त्यातला एक श्रीगोंद्याचा, एक बारामतीचा, एक कुरकुंभचा, एक दौंडातलाच. चौघांनी चार घरांत चार तऱ्हेचा मेंढीकोट शिकलेला असतो. गुडघ्यांवर टॉवेल पसरायचा, चारी टोकं मांड्यांखाली दाबायची आणि आधी विचारायचं: कट की बंद? कापणं सक्तीचं की मर्जीचं? पहिल्या हाताला दश्शी चालते की नाही? "पाटस येईपर्यंत हे ठरलं नाही तर केडगावला भांडण ठरलेलं. पाऊणशे किलोमीटरचा प्रवास, त्यात यवत-उरुळीपर्यंत चार डाव व्हायचे असतात. कुणाला वेळ आहे तुमच्या घरची रीत बघत बसायला?"

"आणि बंद का नाही खेळत?" लेकीनं विचारलं.

"टॉवेलवर पालथं पान ठेवणार कुठे? रूळ बदलताना डबा हलला की पान खाली. उलटं पडलं की सगळ्यांना दिसलं. मग पुन्हा वाटा. म्हणून कट."

मला हे कारण फार आवडलं. आमच्या घरात मात्र वाड्याची ओसरी होती, जमीन हलत नव्हती, आणि पालथं पान माझ्या आजीच्या पानाच्या डब्याखाली सुरक्षित असायचं. दोन्हीकडचा खेळ एकच, पण एक अनोळखी माणसांनी घडवलेला आणि एक घरच्यांनी. घरच्यांना विचारावं लागत नाही. अनोळखी माणसांना विचारल्याशिवाय पानही वाटता येत नाही.

तरी या खेळाला 'आमचा' म्हणताना मी जरा थांबते. गुजरातेत हाच खेळ आहे, मिंढीकोट. उत्तरेकडे दश्शी पकडायच्या खेळाला दहला पकड म्हणतात. इराणमध्ये 'होक्म' नावाचा चौघांचा खेळ घरोघर चालतो, आपला हुकूमच तो, आणि तिथे एका बाजूनं सातही हात सलग मारले तर त्यालाही कोतच म्हणतात. किलवरला डच लोक क्लाव्हर म्हणतात. एवढे मुलूख हिंडून आलेली पानं आमच्या ओसरीवर बसली आणि 'आमच्यात असं असतं' म्हणायला लागली.

हेच 'आमच्यात असं असतं' मामांना खुपत होतं. ते त्यांनी दुधाचा पहिला पेला संपल्यावर काढलं. आवाज चढवला नाही.

"माई, ताई या घरात आली तेव्हा पहिल्या दिवाळीत तुम्ही तिला खेळायला बसवलंत. आठवतंय?"

"आठवतंय."

"आमच्याकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये हुकूम उघडायला लावला तरी कापलंच पाहिजे असं नव्हतं. तिनं दुसरंच पान टाकलं. सगळे ओरडले, आमच्यात असं नसतं. पुढच्या डावात पहिल्याच हाताला दश्शी टाकली. पुन्हा तेच. एकानंही आधी सांगितलं नाही. ती माहेरी आली की मला सांगायची, अरे, दर वेळी एक नवा नियम निघतो आणि तो मी मोडल्यावरच निघतो. चार वर्षं माझी बहीण या घरात पिसतच होती."

गच्चीवर कुणी काही बोललं नाही. खाली रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली. आईला पत्ते पिसताना मी किती वेळा पाहिलं होतं! ती फार सुंदर पिसायची, अर्धा कॅट उजव्या हातात, अर्धा डाव्यात, बोटांतून पानं पाण्यासारखी उतरायची. ते कसब कुठून आलं, हा प्रश्न मला पंचेचाळीस वर्षांत पडला नव्हता.

माईनं हातातली पानं पालथी ठेवली. "मी निघोजहून आले तेव्हा मला दोन वर्षं खेळायलाच घेतलं नाही," ती म्हणाली. "सासूबाईंच्या मागे बसायचं, पानाचा डबा पुढे करायचा, कंदिलाची वात वर-खाली करायची. मला कुणी एक नियम सांगितला नाही. दोन वर्षांनी एकदा चौथा भिडू कमी पडला म्हणून बसवलं आणि मी जिंकले. मला वाटलं, हे असंच असतं. तुमच्या ताईला मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही, मामा. सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं."

मामांनी मान हलवली. "म्हणून मी लिहितो," ते म्हणाले.

"लिहा. पण तिला मागे बसू द्या."

माझं मन या ठिकाणी मामांच्या बाजूला गेलं, आणि ते मी लपवत नाही. घरातला खेळ सुनेला, जावयाला, नातीच्या मैत्रिणीला खेळता यायचा असेल तर तो उघडा करून सांगितला पाहिजे. न सांगितलेला नियम घरच्यांना मायेचा वाटतो आणि बाहेरून आलेल्याला भिंतीसारखा लागतो.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना डावपेचही लिहायचे होते, आणि तिथे माई हटली नाही.

"हे बघ," त्यांनी लेकीला वहीचं मधलं पान दाखवलं. "एका रंगाची 13 पानं. एका फेरीला चार जातात. तीन फेऱ्यांना बारा. म्हणजे तिसऱ्या फेरीलाही चौघांनी तो रंग टाकायचा असेल, तर पानं चार-तीन-तीन-तीन अशीच वाटली गेली पाहिजेत. असं शंभरात किती वेळा होतं?"

"पन्नास?"

"दहा-अकरा वेळा. पहिली फेरी चौघंही तोच रंग टाकतील असं शंभरात 95 वेळा. दुसरी, 64. तिसरी, साडेदहा. मी हिशेब केलाय. हातातली पानं बघितली की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण अंदाज हाच. म्हणून एक्का असेल तर पहिल्याच फेरीला काढून घ्यायचा. राजावर भरवसा दुसऱ्या फेरीपर्यंत. आणि तिसऱ्यांदा तोच रंग फिरवला की कुणीतरी कापणार, दहांतून नऊ वेळा."

लेकीचे डोळे चमकले. शाळेत शिकवलेली शक्यता तिला पहिल्यांदाच सतरंजीवर बसलेली दिसत होती.

माई शांतपणे म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, एकच रंग तिसऱ्यांदा फिरवू नये, दृष्ट लागते."

मामा हसले. "तेच की ते."

"तेच असेल. पण त्या शाळेत गेल्या नव्हत्या, मामा. त्यांना ते कुठून कळलं?"

"खेळून. पन्नास वर्षं खेळून."

"मग?"

"मग माझ्या वहीनं तिची पन्नास वर्षं वाचतात ना!"

"पन्नास वर्षं वाचवून ती करणार काय?" माईनं विचारलं. हे तिनं मनापासून विचारलं होतं. तिच्या लेखी पत्ते खेळणं म्हणजे ती पन्नास वर्षंच. जाऊबाईबरोबर, नणंदेबरोबर, आजारी दिरांच्या कॉटवर पाट ठेवून, वीज गेलेल्या मे महिन्याच्या दुपारी. ती वाचवायची कशाला?

मामांनी तेव्हा सावंतवाडीची गोष्ट काढली. मागे ते तिकडे गेले असताना त्यांनी राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर पाहिले होते. गोल पानं, लाखेचा लेप, दशावताराचा संच. दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. भोसले घराण्यानं गेल्या शतकात ही कला मरता मरता उचलून धरली. मामांनी एक संच विकत आणला. "आता तो माझ्याकडे काचेच्या कपाटात आहे. दौंडात तो खेळणारं कुणी नाही. पानं राहिली, हात गेले. तुमचा मेंढीकोट असाच कपाटात जाऊन बसेल, माई. या पोरीच्या मोबाइलमध्ये शंभर खेळ आहेत. हिच्या मैत्रिणींत मेंढीकोट येणाऱ्या किती?"

"एकही नाही," लेक म्हणाली.

मला इथे बोलावंसं वाटलं आणि मी बोलले, कारण गंजिफाविषयी मी थोडं वाचलेलं होतं. गंजिफा लिहून ठेवली नव्हती असं नाही. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त तिची पानं नावानिशी नोंदवली आहेत. संस्कृतात तिचे नियम श्लोकांत बांधलेले आहेत. निम्म्या रंगांत एक्का सगळ्यांत लहान आणि निम्म्यांत दहा सगळ्यांत लहान, दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाची उतारी आणि रात्री कृष्णाच्या, हे सगळं कागदावर आहे. तरीही खेळ गेला. लिहिलेलं राहिलं आणि रात्री कृष्णाची उतारी करणारी माणसं राहिली नाहीत.

"बघा!" माई म्हणाली.

"पण लिहिलंय म्हणून निदान तुला माहीत तरी आहे," मामा मला म्हणाले. तेही खरं होतं.

तोवर लेक गुपचूप माईच्या मागे जाऊन बसली होती. मी, मामा, माई आणि शेजारच्या काकू असे चौघं बसलो. काकू माईच्या भिडू. माईच्या मागण्याप्रमाणे पहिला तासभर बंद हुकूम. लेकीच्या हनुवटीची सावली माईच्या खांद्यावर पडत होती. एकदा ती पुढे झुकली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि माईनं मागे न बघताच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती गप्प झाली. मामा अस्वस्थ होत होते. त्यांच्या मते मुलीचा एक तास फुकट चालला होता.

दोन डाव झाल्यावर मामांनी वेगळाच मुद्दा काढला, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. "मागे बसून ती काय शिकणार? तुमच्या सवयी. माई कधी विचार करते, कधी पटकन टाकते. उद्या ती तुमची भिडू झाली की तिला तुमचं पान तुमच्या हातातच दिसेल. ही खूण झाली, माई. गाडीत खुणा करणाऱ्याला आम्ही पुन्हा बसवत नाही."

"खूण? मी कधी डोळा मारला नाही की खोकले नाही." माई दुखावली. "सासूबाई तर भिडूच्या तोंडाकडे बघूसुद्धा देत नसत. पानाकडे बघ म्हणायच्या."

"मुद्दाम नाही हो. पण ब्रिज खेळतात ना, त्यात भिडूंनी आपसात काय ठरवलंय ते समोरच्यांना आधी उघड करावं लागतं. तुम्ही अमुक पान टाकलंत की त्याचा अर्थ काय, हे विचारायचा मला हक्क असतो. घरात चाळीस वर्षं एकत्र खेळलेल्यांनी काही ठरवलेलं नसतं, पण सगळं ठरलेलंच असतं. बाहेरचा माणूस त्यातच हरतो. ताई त्यातच हरली."

माईनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. पातेल्यातल्या दुधावरची साय चमच्यानं बाजूला केली, सगळ्यांना दूध घातलं, केशराची काडी लेकीच्या पेल्यात जाईल असं पाहिलं. मग म्हणाली, "मामा, माणसाची सवय ही खूण नव्हे. सवय सगळ्यांसमोर असते. तुम्हीही बघा की. तुम्ही माझ्या विरुद्ध बाजूला बसता आणि वहीत बघता. बघायला कुणी बंदी केली?"

आता मामांना उत्तर सुचेना. आणि मीही गप्प झाले, कारण आई सून म्हणून आली तेव्हापासून तिला नेहमी माईच्या विरुद्ध बाजूला बसवत. थोरली आणि धाकटी जाऊ एका बाजूला नकोत, डाव रंगत नाही, असं आजीचं म्हणणं. त्यामुळे आईला माईच्या विरुद्ध खेळावं लागलं आणि मागे बसायला कधी मिळालंच नाही. मामा नियमांबद्दल बोलत होते. मला तर ती बसायची जागाच आठवत होती.

दहा वाजून गेले. शेजारच्या काकू उठल्या. लेक खेळायला बसली, माईची भिडू म्हणून. मी मामांची भिडू. माईनंच म्हटलं, "आता तुमचा कट खेळू. पोरीला दोन्ही यायला हवेत."

पहिला डाव आम्ही सहज जिंकला. लेकीनं किलवर तिसऱ्यांदा फिरवलं आणि मी बदामानं कापून हुकूम केला. मामांनी काही न बोलता वहीतल्या साडेदहावर बोट ठेवलं, लेक लाजली आणि पिसायला लागली. तिला अजून आजीसारखं पिसता येत नाही. अर्धी पानं सतरंजीवर सांडली.

दुसऱ्या डावात लेक सावध खेळली. इस्पिक हुकूम झाला होता. आठ हात होऊन गेले. आमचे सहा, त्यांचे दोन, पण त्या दोन हातांत दोन मेंढ्या होत्या. आमच्याकडे एकच. राहिली चौकटची दश्शी. ती त्यांच्याकडे गेली तर तीन मेंढ्या आणि डाव त्यांचा. आमच्याकडे आली तर दोन-दोन, आणि त्या हातासकट आमचे सात. म्हणजे अख्खा डाव त्या एका पानावर येऊन थांबलेला.

उतारी माईची. तिनं चौकटचा राजा टाकला.

चौकटची त्याआधी एकच फेरी झाली होती. राणी, गुलाम, नव्वी, दुर्री गेलेली होती. एक्का अजून कुणाच्या हातात आहे ते कुणाला माहीत नव्हतं. माझ्याकडे नव्हता, एवढं मला माहीत होतं. मी चौकी टाकली. आता लेकीची पाळी, आणि तिच्यानंतर शेवटचे मामा. तिनं पानं छातीशी धरली होती. दश्शी तिच्याकडेच होती हे तिच्या कानांच्या लालीवरून मला दिसत होतं. दश्शी टाकली आणि मामांकडे एक्का असला तर गेली. मामांकडे चौकट संपलेली असली तर इस्पिकानं कापणार, तरी गेली. दश्शी ठेवून लहान पान टाकलं तर ती पुढच्या फेरीला उघडी पडणार, आणि ती तिसरी फेरी. मामांच्या वहीत लाल शाईत लिहिलेलं होतं: एक्का बाहेर असेपर्यंत राजावर मेंढी चढवू नये.

लेकीनं माईच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती माईच्या राजाकडे बघत राहिली. मग तिनं दश्शी राजावर ठेवली, अगदी हळू, जणू पान फाटेल.

मामांनी आपल्या पानांकडे पाहिलं, एकदा, दोनदा. अठ्ठी टाकली.

डाव संपला होता, तरी माईनं पुढची उतारी केलीच: चौकटचा एक्का.

"तुला कसं कळलं?" मामांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांचं हरणं ते कधीच विसरले होते.

"दुसरीच फेरी होती, म्हणजे तुमच्याकडे चौकट असण्याची शक्यता जास्त होती, म्हणून कापणार नाही असं वाटलं," लेक म्हणाली. "आणि एक्का माईआजीकडेच होता."

"ते कसं?"

"मी मागे बसले होते ना, तेव्हा दोनदा तिच्याकडे एक्का-राजा दोन्ही आले. दोन्ही वेळा तिनं राजा आधी टाकला. मी विचारणार होते का ते, पण तिनं विचारू दिलं नाही. एकटा राजा आला तेव्हा तिनं तो कधीच स्वतःहून टाकला नाही."

मी माईकडे पाहिलं. मी लहानपणापासून तिच्या विरुद्ध खेळते आहे. आई तिच्या विरुद्ध पस्तीस वर्षं खेळली. आमच्या दोघींच्या किती दश्श्या त्या राजाला घाबरून हातातच राहिल्या असतील!

मामांनी पेन काढलं आणि वहीच्या नव्या पानावर लिहायला लागले. माईनं चष्मा वर करून वाकून वाचलं. 'शिरूरची माई: राजा आधी, एक्का मागे.'

"हे आता तुमच्या सगळ्या गाडीला कळणार," ती म्हणाली.

"नियम सगळ्यांना माहीत हवा."

"मग मला सवय बदलायला हवी. या वयात." तिनं चौकटचा एक्का आणि राजा उचलून हाताशी हात जुळवले, बॉलपेनच्या तिर्रीसकट सगळा कॅट गोळा केला आणि मामांपुढे सरकवला. "लिहून झालं की पिसा."